रस्त्यावरची मांडवली आणि दवाखान्याचे बिल

वस्तीच्या तोंडाशी गाडीने कुणाला उडवले की पुढच्या पंधरा मिनिटांत काय घडते, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गर्दी जमते. कुणी पाणी आणतो, कुणी गाडीवाल्याची कॉलर धरतो. मग दोन शहाणी माणसे पुढे होतात. "पोलीस-बिलीस नको, कोर्टाच्या चकरा कोण मारणार? जागेवर मिटवून टाका." पाच हजार, फार तर दहा हजार हातावर पडतात आणि गाडी निघून जाते. जखमी माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. तिथे "कसे लागले?" असे विचारले की घरचे सांगतात, "जिन्यावरून पडला."

ही मांडवली आपल्याला परवडणारी नाही, हे सांगण्यासाठी आजचे हे पान आहे. दुसऱ्याच्या गाडीने लागलेल्या माराचा खर्च त्या गाडीच्या विम्यातून मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पण हा हक्क कागदावर चालतो, आणि त्यातला पहिला कागद अपघाताच्या दिवशीच तयार व्हावा लागतो. मांडवलीत नेमका तोच कागद मारला जातो.

न दिसणाऱ्या जखमेचा सौदा

आधी आरोग्याच्या बाजूने बघू. अपघातानंतर माणूस उठून उभा राहिला, बोलला, चालला, म्हणजे तो ठीक आहे असे नसते. डोक्याला मार लागलेल्या माणसाला काही तासांनी उलट्या सुरू होतात, गुंगी येते, कारण आत हळूहळू रक्त साचत असते. पोटावर हॅन्डल किंवा बंपर लागला असेल तर प्लीहा किंवा यकृत फाटून आतल्या आत रक्तस्राव होतो आणि बाहेर साधे खरचटलेलेही दिसत नाही. गुडघ्याचा लिगामेंट तुटला आहे हे सूज उतरल्यावर कळते. ज्या जखमेची खोली अजून डॉक्टरलाही माहीत नाही, तिची किंमत आपण नाक्यावर उभे राहून ठरवतो.

समजा, चार घरची धुणीभांडी करून महिन्याला दहा हजार कमावणाऱ्या एका भगिनीला मोटारीने धडक दिली. जागेवर दहा हजारांत मिटले. एक्स-रे काढल्यावर नडगीचे हाड मोडलेले निघाले. ऑपरेशन करून रॉड टाकावा लागला. तीन महिने पाय टेकवायचा नाही, म्हणजे तीस हजारांची मजुरी बुडाली. तिच्याजवळ बसायला लेकीने काम सोडले. दर तपासणीला जाता-येता रिक्षा. पुढे कधीतरी रॉड काढायचे दुसरे ऑपरेशन. मांडवलीच्या दहा हजारांत तिची एक महिन्याची मजुरीही जेमतेम भरून निघाली. बिल तसेच उभे राहिले.

बिल भरता येत नाही म्हणून पुढे काय होते, तेही आपण बघतो. रुग्णाला सही देऊन वेळेआधी घरी आणतात. प्लॅस्टरऐवजी पट्टी बांधणाऱ्याकडे नेतात. फिजिओथेरपीला तर कुणी जातच नाही. हाड वाकडे जुळते, पाय आखूड पडतो, आणि कमावते माणूस जन्मभर भिंतीला धरून चालते. मंगळसूत्र गहाण पडते ते वेगळेच. म्हणून अपघातानंतरचा पैशाचा प्रश्न हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे मेलेल्या दर दहा माणसांत सहा माणसे पायी किंवा दुचाकीवर होती. पहाटे रस्ता झाडणारी, नाक्यावर कामाची वाट बघणारी, सायकल-मोटारसायकलवर डबे आणि पार्सल पोचवणारी माणसे यातच येतात. हा विषय मोटारवाल्यांचा आहे असे समजून पान उलटू नका.

थर्ड पार्टी म्हणजे कोण?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला निदान 'थर्ड पार्टी' विमा असलाच पाहिजे. या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक आणि दुसरा पक्ष विमा कंपनी. त्या गाडीमुळे ज्याला इजा होते तो बाहेरचा माणूस म्हणजे तिसरा पक्ष. रस्त्याने चालणारे तुम्ही, हातगाडीवाला, शाळेतून येणारे मूल, समोरच्या दुचाकीवरचा माणूस, हे सगळे तिसऱ्या पक्षात येतात. तुम्ही त्या कंपनीला एक रुपया हप्ता दिलेला नसला तरी कायद्याने तो विमा तुमच्यासाठी घेतलेला आहे.

दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर या विम्याला रकमेची मर्यादा आहे. माणसाचा मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी मात्र अशी मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ती पूर्ण भरपाई कंपनीला द्यावी लागते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्याला धडक देणारा पुष्कळदा शेजारच्याच गल्लीतला रिक्षावाला किंवा टेम्पोवाला असतो. "त्याचंही पोट हातावर आहे, त्याला कशाला अडकवायचं?" हा विचार माणुसकीचा आहे. पण मांडवली केली तर पैसे त्याच्याच खिशातून जातात. नोंद केली तर ते त्याच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, तारखा पडतात, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तरीही दोन गरीब घरांनी आपापसांत पाच हजारांवरून झिजायचे आणि वर्षानुवर्षे हप्ता घेतलेली कंपनी मोकळी राहायची, हा कुठला न्याय?

पहिले सात दिवस

आपण मेडिक्लेमबद्दल ऐकलेले असते, म्हणून समजतो की गाडीचा विमाही तसाच दवाखान्याच्या काउंटरवर बिल भरेल. तसे होत नाही. थर्ड पार्टी विम्याचे पैसे दाव्यानंतर, न्यायाधिकरणाच्या मार्फत मिळतात. मग सुरुवातीच्या उपचारांचे काय? याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला फटकारले. कायद्यात 'गोल्डन अवर'च्या म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासातल्या उपचारांसाठी योजना करण्याची तरतूद होती, पण योजनाच नव्हती. अखेर ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित झाली.

या योजनेत अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नियुक्त रुग्णालयात पैसे न भरता होतो. चूक कुणाची, गाडीला विमा होता की नाही, जखमी गरीब की श्रीमंत, असा भेद त्यात नाही. दुचाकीवरून स्वतःच घसरून पडलेल्यालाही ती लागू आहे. गाडी विम्याची असेल तर खर्च विमा कंपन्यांच्या वाट्यातून भागतो. गाडी विनाविम्याची असेल किंवा पळून गेली असेल तर सरकारच्या पैशातून. रुग्णालय नियुक्त नसेल तर तिथे प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच उपचार या योजनेत बसतो. म्हणून १०८ किंवा ११२ वर फोन केल्यावर "योजनेत असलेल्या दवाखान्यात न्या" असे स्पष्ट सांगा. अपघात झाला याची पोलिसांकडून खातरजमा इथेही लागते. "जिन्यावरून पडला" म्हटले की योजनेचे दार आपणच लावून घेतो.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मोफत मिळतात. अंगीकृत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या खाजगी रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे.

आणि कुठलाही डॉक्टर "आधी पोलिसांचा कागद आणा, मग हात लावतो" असे म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच ठरवून दिले आहे. जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूलाही कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्यावर खटला होत नाही. मदतीला घाबरू नका.

कागद कुठले, आणि कधी?

पहिला कागद दवाखान्यातला. अपघाताच्या रुग्णाची नोंद एमएलसी म्हणून होते. तिथे कसे लागले, कुठे, किती वाजता, कोणत्या गाडीने, हे खरे सांगा. गाडीचा नंबर असेल तर तो लिहायला लावा. पुढे कंपनीचा वकील सर्वांत आधी हीच नोंद काढून बघतो.

दुसरा कागद एफआयआर. त्याला पैसे लागत नाहीत आणि प्रत मोफत मिळते. जखमी बेशुद्ध असेल तर नातेवाईक किंवा प्रत्यक्ष पाहणारा तक्रार देऊ शकतो. रुग्णाला वाचवायच्या धावपळीत दोन दिवस उशीर झाला तर घाबरू नका. केवळ एफआयआर उशिरा झाली म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे. पण उशिराचे कारण तक्रारीत लिहा.

एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीचे हक्क काय आहेत हे सांगणारा छापील नमुना त्यांनी दहा दिवसांत कुटुंबाच्या हातात द्यायचा असतो. त्याला 'फॉर्म दोन' म्हणतात. पोलीस ठाण्यात जाऊन तो नावाने मागा.

तिसरे म्हणजे बिले. औषधाच्या दुकानातली प्रत्येक पावती, डॉक्टरची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, रुग्णवाहिकेचे आणि रिक्षाचे पैसे, कुबड्या, वॉकर, फिजिओथेरपीची प्रत्येक पावती जपून ठेवा. साधी पिशवी करा आणि तारखेप्रमाणे लावा. पुढे रॉड काढायचा असेल तर त्याचा अंदाजे खर्च डॉक्टरकडून आजच लेटरहेडवर लिहून घ्या, कारण पुढच्या उपचारांचा खर्चही भरपाईत धरला जातो. कायमचे अपंगत्व राहिले तर सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्या.

घरात मेडिक्लेम असेल आणि त्यातून काही बिल भागले असेल, तरी "तुम्हाला पैसे मिळालेच आहेत" असे म्हणून गाडीच्या विमा कंपनीला ती रक्कम कापता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये तसा निकाल दिला आहे.

चौथे म्हणजे गाडीचा नंबर. त्यावरून एम-परिवहन ॲपवर गाडीचा विमा चालू आहे की संपला, हे कळते. गाडीचा आणि नंबर प्लेटचा फोटो काढणे हे वस्तीतल्या पोरांना सांगावे लागणार नाही. तो फोटो भांडणाच्या व्हिडिओपेक्षा जास्त कामाचा आहे.

दावा कसा होतो?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. अपघात नाशिकला झाला आणि तुम्ही परभणीला राहत असाल तर परभणीतही दावा करता येतो. वाट दोन आहेत. कलम १६४ च्या दाव्यात चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख अशी रक्कम ठरलेली आहे. कलम १६६ च्या दाव्यात समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण रक्कम प्रत्यक्ष नुकसानीवर ठरते: झालेला आणि होणारा उपचार, बुडालेली मजुरी, पुढची घटलेली कमाई, देखभाल करणाऱ्याचा खर्च, सोसलेल्या वेदना. एक सावधगिरी ठेवा. कलम १६४ चे पैसे स्वीकारले की १६६ चा दावा संपतो. इजा मोठी असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

"आमच्याकडे पगाराची चिठ्ठीच नाही, कमाई कशी दाखवणार?" हा प्रश्न हमखास येतो. बिगारी, भाजीवाली, घरकामगार यांची कमाई न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आधाराने धरू शकते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. अपंगत्व मोजतानाही शरीराचे टक्के एवढेच बघायचे नसते. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय अधू झाला तर त्याची नोकरी टिकते. डोक्यावर पाटी वाहणाऱ्याची रोजीरोटी जाते. हा फरक धरायचा असतो.

गाडी धडक देऊन पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार रुपये मिळतात. हाड मोडणे हे कायद्यात गंभीर इजेत येते. हा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो, आणि त्यालाही पोलिसांची नोंद लागते.

कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्याबद्दल वरच्या न्यायालयांत वाद झालेले आहेत, म्हणून मुदत उलटली तरी विचारल्याशिवाय हात टेकू नका. पण मुद्दाम थांबूही नका.

विमा कुठे हात वर करतो?

विम्याचे गोडवे गाऊन थांबणे बरोबर नाही. काही ठिकाणी तो मिळत नाही, आणि ती ठिकाणे आपल्या जगण्याच्या अगदी जवळची आहेत.

स्वतःच्या चुकीने स्वतःच्या दुचाकीवरून पडलात तर थर्ड पार्टी विमा तुम्हाला काही देत नाही, कारण मालक तिसरा पक्ष होत नाही. मित्राची गाडी मागून घेऊन चालवणाराही मालकाच्याच जागी धरला जातो. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. दवाखान्याचे बिल त्यात भरले जात नाही. लायसन्स नसेल तर तेही हातचे जाते.

दुचाकीवर मागे बसलेल्याला निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत त्या दुचाकीच्या कंपनीकडून संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरवले. पॅकेज पॉलिसी असेल तर मिळते. बायको-मुलांना मागे बसवून फिरणाऱ्याने हप्त्यातला हा फरक समजून घ्यावा. समोरून दुसऱ्या गाडीने ठोकले असेल, तर मागे बसलेला त्या गाडीसाठी तिसरा पक्षच असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, लग्नाला किंवा वरातीला आपण मालाच्या टेम्पोत दाटीवाटीने बसून जातो. माल वाहणाऱ्या गाडीत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. माल ज्याचा तो किंवा त्याचा माणूस, आणि गाडीवर कामाला असलेले मजूर यांची गोष्ट वेगळी. टेम्पो उलटला तर वीस घरांची बिले एका गरीब टेम्पोमालकाच्या माथी येतात, आणि त्याच्याकडे द्यायला काही नसते. प्रवासी परवान्याची गाडी महाग पडते, हे कबूल. पण वर्गणी काढून गाडी ठरवतो, तेव्हा परवाना आणि पॉलिसी बघणे हे आयोजकांचे पहिले काम असले पाहिजे.

आणि आपल्या स्वतःच्या गाड्या? देशात निम्म्याहून जास्त वाहने विम्याविना धावतात, हे संसदेच्या समितीनेही नोंदवले आहे. वस्तीतल्या दुचाकी त्यात नाहीत असे कुणी छातीठोक सांगू शकेल? सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला शोरूममधूनच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो. पाच वर्षे संपली की कुणाच्या लक्षात राहत नाही. २०२२ साली ठरलेल्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता कर सोडून वर्षाला ७१४ रुपये आहे, म्हणजे दिवसाला दोन रुपये. तेवढे वाचवले आणि आपल्या गाडीने कुणाचे हाड मोडले, तर सगळी भरपाई आपल्या घरातून जाईल. पोराकडे लायसन्स नसेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते नंतर आपल्याकडून वसूल करू शकते. जो हक्क आपण मागतो, तो आपल्या गाडीखाली आलेल्यालाही मिळाला पाहिजे.

"पण वर्षे जातात ना!"

मांडवली करणारा मूर्ख नसतो. त्याला ठाऊक असते की न्यायाधिकरणात वर्षे जातात आणि आज रात्रीच्या इंजेक्शनला पैसे हवेत. हा आक्षेप खरा आहे. माझे उत्तर असे. नोंद केली म्हणजे लगेच दावा केलाच पाहिजे असे नाही. दाव्याचा निर्णय महिन्याभराने, डॉक्टरशी बोलून घेता येतो. नोंदीचा दिवस मात्र परत येत नाही. कंपनीने तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा अशी कायद्यात सोय आहे, आणि लोकअदालतीत दावे मिटतात. तडजोड करायचीच तर ती तिथे, जखम किती आहे हे कळल्यावर, न्यायाधीशासमोर करा. उशिरा मिळालेल्या भरपाईवर व्याजही मिळते. गाडीवाल्याने माणुसकीने उपचाराला पैसे दिले तर जरूर घ्या. पण "यापुढे आमची काही तक्रार नाही" अशा स्टॅम्प पेपरवर सही करू नका.

वकिलाचा खर्च अडवत असेल तर हे लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा. दवाखान्याच्या दारात उभा राहून "तीस टक्के द्या, केस मी बघतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर टक्केवारी ठरवणे वकिलांच्या नियमांतच बसत नाही. "विमा असलेली दुसरी गाडी दाखवू" म्हणणाऱ्याला तर दारात उभे करू नका. खोट्या गाडीने खरा दावा बुडतो आणि वर गुन्हा लागतो.

सरकारकडेही मागायचे आहे. मोडलेले हाड सात दिवसांत जुळत नाही. पोलिसांच्या पहिल्या अहवालात गाडीचा विमा चालू असल्याचे दिसत असेल, तर आठव्या दिवसापासूनची बिले विमा कंपनीने उपचार चालू असतानाच भरावीत आणि हिशेब नंतर न्यायाधिकरणात व्हावा. आज उपचाराचा पैसा गरिबाने सावकाराकडून आणायचा आणि कंपनीने तो सावकाशीने परत करायचा, असे चालले आहे. अपघात विभागाच्या दारावर कॅशलेस योजनेचा मराठी फलक असला पाहिजे, आणि 'फॉर्म दोन' न मागता मिळाला पाहिजे. या तीन मागण्या आमदार, नगरसेवक, जिल्हाधिकारी यांच्यापुढे ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तोवर आपल्या हातातले काम करू. प्रत्येक वस्तीत दोन तरुण आणि दोन भगिनी अशा असाव्यात, ज्यांना जवळचे योजनेतले रुग्णालय, पोलीस ठाणे आणि विधी सेवा कार्यालय माहीत आहे. विहारात रविवारी माणसे जमतात, तेव्हा एकदा सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या पॉलिसीची तारीख बघावी. संपलेली असेल त्याने त्याच आठवड्यात भरावी. फळ्यावर १०८, ११२ आणि १५१०० हे तीन नंबर कायमचे लिहून ठेवावेत. आणि पुढच्या वेळी गर्दीतून कुणी "जागेवर मिटवा" म्हणाला, तर निदान एकाने तरी पुढे होऊन म्हणावे: "आधी दवाखाना, मग पोलीस ठाणे. पैशाचं नंतर बोलू."